रंगाचं काम कुणाला द्यायचं?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या सभासद मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "ताई, पंधरा मिनिटं बोला, रंगकामावर बोला." मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. रंगातलं माझं शिक्षण शून्य. तरी त्यांनी मलाच का धरलं, हे जुन्या सभासदांना बरोबर ठाऊक आहे. आमच्या हॉलच्या भिंतीचे पोपडे या इमारतीत एके काळी प्रसिद्ध होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेता घेता आधी त्या भिंतीकडे बघायच्या.

आता विषय निघायला कारणही आहे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं आपण बाहेरून दुरुस्ती केली, रंग दिला, इमारत नव्या नवरीसारखी दिसते आहे. साहजिकच प्रत्येकाला आतली भिंत जुनी वाटायला लागली आहे. लिफ्टमध्ये रोज कुणी ना कुणी विचारतं, "चांगला पेंटर आहे का हो ओळखीचा?" मुलुंडमध्ये पेंटरला तोटा नाही. एलबीएस मार्गावरच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात उभं राहा, दुकानदार तीन कार्डं हातात देईल. अडचण निवडण्याची आहे.

माझी गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं का सांगते ते कळेल.

2011 साली मुलीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला. नवरात्र संपलं होतं, दिवाळी तोंडावर होती. मी तीन जणांना बोलावलं. दोघांनी येऊन टेप लावून मापं घेतली आणि दोन दिवसांनी आकडे दिले. तिसरा आला, सोफ्यावर बसला, चहा प्यायला, मान वर करून एकदा चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, बत्तीस हजारांत चकाचक. आठ दिवस." बाकीचे दोघं पंचेचाळीसच्या पुढे होते. मी काय केलं असेल, ओळखा. मटेरियलसाठी म्हणून त्यानं बावीस हजार आगाऊ मागितले आणि मी दिले. जन्मभर बँकेत लोकांची कर्जप्रकरणं तपासली, तारण बघितल्याशिवाय सही केली नाही. घरच्या कामाला मात्र एका कार्डावर बावीस हजार काढून दिले!

दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली. विशीतली असतील. त्यांनी भिंती वरवर घासल्या, लांबी फिरवली, एक हात मारला. पाचव्या दिवसापासून कंत्राटदाराचा फोन बंद. सातव्या दिवशी ती दोन पोरं दारात उभी. मला वाटलं, कामावर आली. त्यातला मोठा म्हणाला, "आंटी, सेठ का फोन आपको लगता है क्या? हमको भी पैसा नहीं मिला." त्यांना स्टेशनजवळच्या नाक्यावरून सकाळी उचललेलं होतं. माझ्याकडून पैसे कुणी घेतले आणि माझ्या भिंतीला हात कुणाचा लागला, यांचा एकमेकांशी फारसा संबंधच नव्हता. साखरपुडा चार दिवसांवर. मी त्यांना रोजाच्या हिशेबानं पैसे दिले, उरलेला रंग स्वतः आणून दिला आणि काम पुरं करून घेतलं. बत्तीस हजारांचं काम एक्केचाळीसला पडलं. फोटो छान आले. पुढच्या जुलैत भिंतीनं पापुद्रे टाकायला सुरुवात केली.

आता यात कंत्राटदाराचा लबाडपणा होताच. पण नंतर मी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्या आठ दिवसांत मी एकच प्रश्न विचारला होता: किती घेणार? बाकीचे प्रश्न विचारलेच नव्हते.

रंगाचा डबा आपल्याला माहीत असतो. 1942 साली गिरगावात चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स, 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी काढलेला तो हातात ब्रश घेतलेला गट्टू, 1920 साली लोअर परळला सुरू झालेल्या कंपनीतून पुढे आलेलं नेरोलॅक. भांडुपला रंगाचा कारखाना होता तेव्हाचे दिवस इथे कित्येकांना आठवत असतील. त्यामुळे "कुठला रंग?" यावर आपण तासभर बोलू शकतो. पण रंगाचा वरचा थर म्हणजे कामातला सगळ्यात सोपा भाग. खरवडणं, घासणं, भेगा भरणं, प्रायमर, लांबी आणि पुन्हा घासणं, हे सगळं त्या थराखाली गडप होतं. पैसे वाचवायचे असतील तर कंत्राटदार तिथेच वाचवतो, कारण काम संपल्यावर ते कुणालाच दिसत नाही. म्हणून मी म्हणते, शेवटी जे दिसणार नाही ते कोण नीट करेल, हे बघून माणूस निवडा.

ते ओळखायचं कसं? पहिल्या भेटीतच बरंचसं कळतं. तो आल्यावर आधी काय करतो ते बघा. चांगला माणूस भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकत जातो. प्लास्टर सुटलं असेल तिथे पोकळ आवाज येतो. तळहात फिरवतो. हाताला पांढरी भुकटी लागली, तर जुना डिस्टेंपर सुटायला लागलेला असतो आणि तो खरवडल्याशिवाय वर काहीही लावलं तरी टिकत नाही. माझ्या घरी 2011 साली नेमकं हेच झालं होतं. मग तो बाथरूमच्या पलीकडची भिंत बघतो, खिडकीखालचा भाग बघतो, कपाट सरकवायला सांगतो. आणि विचारतो, "याच्या वर काय आहे? बाथरूम?" जो शेड कार्ड उघडून सुरुवात करतो, त्याला चहा द्या आणि नमस्कार करा.

ओलीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण पंचवीस वर्षांच्या इमारतीत घरोघरी तीच रड आहे. ओल असलेल्या भिंतीला रंग देणं म्हणजे तापलेल्या माणसाला पावडर लावणं. ओल कुठून येते ते आधी ठरवायला हवं. एक साधी युक्ती सांगते. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांना टेप लावून घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. फक्त बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा. तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि एक्झॉस्ट पंखा लावणं एवढंच पुरू शकतं.

भिंतीतली ओल बाहेरून पावसाची असेल किंवा सामायिक पाइपची असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीनं करायची. वरच्या घरातल्या संडास-बाथरूम किंवा सिंकमधून गळत असेल, तर खर्च त्या सभासदाचा. कागदावर हे दोन वाक्यांत संपतं. प्रत्यक्षात काय होतं ते मी भोगलं आहे. माझ्या हॉलच्या कोपऱ्यातली ओल वरच्या बाथरूमची होती, आणि वरचे काका म्हणत, "आमच्याकडे एक थेंब सांडत नाही." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच दिसत नव्हतं. मी दोन वर्षं त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलले नाही. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या, म्हणजे जेमतेम पंधरा सेकंदांचा प्रवास, पण त्या पंधरा सेकंदांत आम्ही दोघंही पंख्याकडे बघत उभे असायचो. शेवटी प्लंबरनं त्यांच्या बाथरूमची नहाणी ट्रॅपजवळची लादी काढली तेव्हा सांधा फुटलेला सापडला. काकांनी दुरुस्ती केली, खर्च स्वतः केला आणि वर मला आंबोळ्या पाठवल्या. हे सांगायचं कारण, वरच्या घराशी बोलायला आपण जातो तेव्हा सोबत प्लंबर असावा, तक्रार नसावी. जो कंत्राटदार, "ओल? एक वॉटरप्रूफचा हात मारू, दिसणार नाही," म्हणतो तो खरंच बोलतो. दिसणार नाही, पुढच्या पावसापर्यंत.

आणि आपण बाहेरची दुरुस्ती नुकतीच केली आहे, म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं: ज्यांच्या भिंतीला बाहेरून ओल येत होती त्यांनी एक पावसाळा जाऊ द्या. दुरुस्ती खरी झाली की नाही हे त्यातच कळेल, भिंतही वाळेल. रंगकाम दिवाळीनंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. हवा कोरडी असते, गणपती-दिवाळीची घाई नसते आणि दोन पैसे कमी करायला माणूस तयार असतो. होळीच्या आसपास काढू नका. बरेचसे कारागीर गावी जातात आणि तुमचं सामान पलंगावर रचलेलं राहतं.

आता कोटेशन. तीन कोटेशनं मागवा असं सगळेच सांगतात. पण तीन जणांना तीन वेगळी कामं समजली असतील, तर तुलना कशाची करणार? एकानं पूर्ण लांबी धरलेली असते, दुसऱ्यानं फक्त टच-अप, तिसऱ्यानं प्रायमरच धरलेला नसतो. म्हणून कागद आधी आपण लिहायचा. कुठल्या खोलीत खरवडायचं, लांबीचे किती हात, प्रायमर कुठला, रंगाचं नाव आणि प्रकार, हात किती, सीलिंग धरून की सोडून, दरवाजे-ग्रिलला ऑइल पेंट आहे का, सामान झाकणं आणि शेवटची साफसफाई कुणाकडे. एकच कागद तिघांना द्या. मग आकड्यांना अर्थ येतो.

दर चौरस फुटाला असतो, पण तो भिंतीचा. घराच्या कार्पेट एरियाचा नसतो. सीलिंग धरून भिंतींचं क्षेत्र साधारण कार्पेटच्या तिप्पट-साडेतीनपट भरतं, एवढा अंदाज पाठ ठेवा. दहा बाय पंधराचा हॉल, उंची साडेनऊ फूट. चारी भिंतींची लांबी 50 फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे 475, अधिक सीलिंगचे 150, एकूण 625 चौरस फूट. त्यातून दार-खिडक्यांचे 75 वजा केले की साडेपाचशे. हे आपलं आपण मोजावं. चौथीचं गणित आहे, नातवंडांना कामाला लावा. दुसऱ्या वेळी मी रंग काढला तेव्हा एकानं 19 रुपये दर दिला, दुसऱ्यानं 23. मी खूश. मग बघते तर 19 वाल्यानं स्वयंपाकघरातल्या टाइल्सची भिंत आणि भिंतीतल्या कपाटामागची जागासुद्धा मोजून 2,150 चौरस फूट धरले होते. 23 वाल्यानं 1,750. पहिल्याचे झाले 40,850 आणि दुसऱ्याचे 40,250. स्वस्त दर महाग पडत होता. वजावट कशी करणार, हे म्हणूनच आधी लिहून घ्यायचं.

तोच आकडा रंग तपासायलाही कामाला येतो. डब्यावर लिहिलेलं असतं, एका लिटरमध्ये किती जागा होते. साध्या इमल्शनला दोन हातांसाठी लिटरला साधारण 120 ते 140 चौरस फूट धरा. 1,750 चौरस फुटांना तेरा-चौदा लिटर लागायला हवेत. कुणी आठ लिटरमध्ये दोन हात झाले म्हणाला, तर एक तरी पाण्याचा होता. पाणी घालायचंच असतं, पण किती ते डब्यावर छापलेलं असतं. डबा आपल्यासमोर उघडायचा, सील बघायचं. रिकामा डबा काम संपेपर्यंत घरातून हलवू द्यायचा नाही. आणखी एक गंमत. पेंटर अमुकच कंपनीचा, अमुकच रंग सुचवतो, त्याचं कारण दर वेळी भिंत असतेच असं नाही. कंपन्या पेंटरसाठी डब्यात टोकन ठेवत आल्या आहेत, त्याचे त्याला पैसे मिळतात. यात पाप काही नाही, त्याची ती वरकमाई आहे. आपल्याला माहीत असलेलं बरं, एवढंच.

"मटेरियलसकट द्यावं की फक्त मजुरी?" हा प्रश्न मला फार जण विचारतात. ज्याच्याकडे दुकानात जायला वेळ आहे आणि दिवसातून दोनदा काम बघायला माणूस घरी आहे, त्यानं मजुरीवर द्यावं. दोघंही नोकरीला जात असाल तर सामानासकट द्या, आणि डब्यांची बिलं मागा. रंगकंपन्यांच्या स्वतःच्या पेंटिंग सेवाही आता आहेत. मोजमाप यंत्रानं होतं, छापील कोटेशन येतं, धूळ ओढणारं घासणीचं मशीन असतं. पैसे जास्त पडतात. वयस्कर, एकट्या माणसाला मी तेच सुचवेन. पण तिथेही, "माझ्या घरी प्रत्यक्ष कोण येणार?" हे विचारायचं सोडू नका.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. किती माणसं येणार, तीच शेवटपर्यंत राहणार का, तुमच्याकडे किती दिवसांपासून आहेत, त्यांचे पैसे रोज देता की आठवड्याला? कंत्राटदार या प्रश्नांनी चिडला तर समजून घ्या. आणि फोनमधले फोटो बघू नका. फोटोतली प्रत्येक भिंत सुंदर असते. चालू असलेलं एक काम बघायला जा, आणि दोन पावसाळे झालेलं एक घर. चालू कामात पोरांच्या हातात पॉलिश पेपर किती वेळ आहे, फरशीवर काय अंथरलं आहे, घोडा कसा टेकवला आहे, हे दहा मिनिटांत दिसतं. दोन पावसाळे झालेल्या घरात बाईंना विचारा, "फोन केल्यावर परत आला का?"

घासण्यावरून आठवलं. आपले दरवाजे, ग्रिल यांच्यावर पंचवीस वर्षांपूर्वीचा ऑइल पेंट आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर असू नये हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय असेल सांगता येत नाही, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला वाईट. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासू देऊ नका. ओला करून, पाण्याच्या पेपरनं घासायला सांगा. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर सून यांना घरात ठेवू नका. काम करणाऱ्या पोरांनाही मास्क द्या. ती रोज हेच खातात. आणि खिडकीबाहेरच्या छज्जावर कुणालाही उभं करू नका, ग्रिल बाहेरून रंगवायची राहिली तरी चालेल.

पैशांचं मी आता असं करते. सुरुवातीला वीस टक्क्यांच्या वर नाही. खरवडून, लांबी-प्रायमर होऊन भिंत मी दिवसाउजेडी बघितली की पुढचे तीस-पस्तीस टक्के. पहिला हात झाला की आणखी. शेवटचे दहा टक्के साफसफाई आणि टच-अप झाल्यावर. भिंत बघायची तर रात्री दिवे घालवून बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरा, सगळे उंचवटे दिसतात. या पायऱ्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. पैसे चेकनं किंवा यूपीआयनं, म्हणजे नोंद राहते. जीएसटी लावत असेल तर बिलावर त्याचा नंबर हवा. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या कंत्राटदाराला नोंदणी सक्तीची नाही, पण मग नोंदणी नसताना तो जीएसटीही मागू शकत नाही.

2011 साली माझ्याकडे ना कागद होता, ना पावती. म्हणून ते बावीस हजार गेले ते गेले. कागद असता तर दाद मागता आली असती. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आपल्या उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून लोकांना अशा बाबतीत शहाणं करते आहे. आमच्या घरी तिचा महिन्याचा किराणा यायचा, पण पावती घ्यायची अक्कल मी तिच्याकडून वेळेवर घेतली नाही.

दुसऱ्यांदा रंग काढला तो 2019 च्या जानेवारीत. कोटेशन द्यायला जे आले त्यातला 23 रुपयेवाला आत आला, हॉलच्या कोपऱ्यात गेला, भिंतीवर ठोकलं आणि हसला. म्हणाला, "आंटी, ये कोना मैंने ही किया था. गलत किया था." तो 2011 सालच्या दोघांतला मोठा होता. आता त्याची स्वतःची पाच माणसं होती. त्यानं सांगितलं, वरचं बाथरूम दुरुस्त झालंय की नाही ते आधी मला बघू दे. वर जाऊन काकांचं बाथरूम बघून आला, मगच मापं घेतली. हॉलच्या कोपऱ्यातलं प्लास्टर विटेपर्यंत काढलं आणि पंधरा दिवस तसंच उघडं ठेवलं. घरात लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते, मी घाई केली, तो ऐकेना. पाहुण्यांनी उघडी वीट बघत पोहे खाल्ले.

ती भिंत सहा पावसाळे टिकली आहे. जाताना त्यानं प्रत्येक शेडचा अर्धा लिटर रंग बाटलीत भरून, वर नंबर आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवला, टच-अपसाठी.

त्याचा फोन नंबर हवा असेल तर देईन, पण आज नाही. मी म्हटला तो कामाचा कागद सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे, त्याच्या प्रती घेऊन जा. आधी तो भरा, घर मोजा, दोन कोटेशनं मागवा. तिसऱ्यासाठी माझ्याकडे या.